रोग्याचा बुडालेला रोज

सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात झपाट्याने पसरली, तेव्हा राज्य सरकारने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले आणि जनावरांचे बाजार बंद ठेवले. देवणीचा मुलूख म्हणजे देवणी गोवंशाचे माहेर. वानेरा, बालंक्या, शेवरा असे या जनावरांचे रंगाठशांवरून पडलेले भेद येथील लहान पोरालाही ठाऊक असतात. हाळी-हंडरगुळीचा बाजार भरला नाही म्हणजे या भागातील शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा येण्याची वाट बंद झाली, इतका तो बाजार येथील अर्थव्यवहाराशी निगडित आहे. तरीही शेतकऱ्यांनी बंदी पाळली. रोगी जनावर वेगळे बांधावे, त्याचे पाणी व चारा वेगळा ठेवावा, ही गोष्ट बुळकांडीच्या काळापासून गुराख्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की सरकारने लंपीने दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये साहाय्य जाहीर केले. ही रक्कम पुरेशी होती काय, ती सर्वांना वेळेवर मिळाली काय, हे प्रश्न वेगळे. समाजाच्या हितासाठी ज्याचे नुकसान होते त्याची भरपाई समाजाने करावयाची, हे तत्त्व जनावरांच्या बाबतीत शासनाने मान्य केले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

माणसाच्या बाबतीत हे तत्त्व अद्याप मान्य झालेले नाही. सांसर्गिक रोग झालेल्या मजुराला घरापासून, कामापासून, बाजारापासून दूर ठेवले जाते ते मुख्यतः इतरांच्या रक्षणासाठी. उपचार तर त्याला घरीही देता आले असते. त्याला वेगळे ठेवण्याचा लाभ शेजाऱ्याला, गावाला, गिरणीमालकाला, व्यापाऱ्याला मिळतो. खर्च मात्र रोग्याच्या खात्यावर पडतो. चौदा दिवसांचा रोज बुडतो, उसनवारी वाढते, मुकादमाकडे किंवा मालकाकडे त्याच्या जागी दुसरा माणूस लागतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही हे सांगता येईल की ज्या व्यवहारात लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असतो, त्या व्यवहारातून खर्च सोसणारा माणूस शक्य तोवर अंग काढून घेतो. तो रोग लपवतो. त्याला अडाणी, अंधश्रद्ध किंवा बेजबाबदार म्हणणे सोपे आहे, आणि गेली सव्वाशे वर्षे प्रशासन तेच म्हणत आलेले आहे.

या सव्वाशे वर्षांच्या आरंभी मुंबईतील आर्थर रोडचे रुग्णालय उभे आहे. १८९२ मध्ये सुरू झालेले नगरपालिकेचे हे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग हा ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग असल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवसापासून या रुग्णालयात प्लेगचे रोगी दाखल होऊ लागले. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी २४ सप्टेंबर १८९६ ते २८ फेब्रुवारी १८९७ या पाच महिन्यांत उपचार केलेल्या ९३९ रोग्यांच्या निरीक्षणांवर एक अहवाल लिहिला. प्लेगचे कारण असलेला जंतू हाँगकाँगमध्ये सापडून त्या वेळी जेमतेम दोन वर्षे झाली होती. तो पिसवांमार्फत पसरतो हे सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे लागायची होती. त्यावरचे औषध तर अर्ध्या शतकाच्या अंतरावर होते. अशा स्थितीत एका नगरपालिकेच्या रुग्णालयाने एकेका रोग्याची नोंद ठेवावी, ही साधी गोष्ट नव्हती.

औषध नव्हते, म्हणून उपचार नव्हते असे नाही. काखेतील किंवा जांघेतील गाठ पिकली की ती फोडून निचरा करणे, ताप उतरवणे, झिंग चढलेल्या रोग्याला आवरणे, दूध व पेज थोडी थोडी पाजत राहणे, नाडी बुडू लागली की उत्तेजक देणे, ही सर्व सेवा अहोरात्र माणसे लावूनच होऊ शकत असे. प्लेगचा रोगी बहुधा गाठीने मरत नाही. विष रक्तात भिनून हृदय थकते आणि तो मरतो, किंवा रोग फुप्फुसात उतरतो आणि तो मरतो. ताप उतरलेला, बरा होऊ लागलेला रोगी अंथरुणावर उठून बसला आणि तत्क्षणी कोसळला, असे प्रसंग त्या काळच्या वैद्यांनी वारंवार पाहिले. म्हणून या रोगात सक्त विश्रांती हीच मोठी चिकित्सा होती. आता ही विश्रांती कोणाला परवडत होती, याचा विचार करावा. खाडा पडला की पगार कापला जाणारा गिरणी कामगार ताप अंगावर काढीत साच्यावर उभा राहत असे. चालताना झोक जाऊ लागले की मग चाळीतल्या खोलीत पडून राहत असे. आणि शेवटी शुद्ध हरपल्यावर पालिकेची माणसे त्याला उचलून आर्थर रोडला आणीत. तेथे आलेल्यांपैकी बहुसंख्य दगावले यात नवल नाही. पण या मृत्यूंचा अर्थ चाळींनी वेगळाच लावला: तेथे नेलेला माणूस परत येत नाही, तस्मात् तेथे माणसे मारतात. देहातून तेल काढण्याच्या वावड्या याच भीतीतून उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला चढवला व मोडतोड केली. त्यानंतर पालिकेला सक्ती काहीशी सैल करावी लागली.

इतिहासकार या घटनेकडे वसाहतवादी सत्ता आणि प्रजेची संस्कृती यांच्यातील संघर्ष म्हणून पाहतात. ते खोटे नाही. स्पर्शास्पर्श, पडदा, मृतदेहाची विटंबना यांविषयीच्या भावना तीव्र होत्या. तथापि त्याच मुंबईत पुढील एकदोन वर्षांत हिंदू, मुसलमान, पारशी, जैन अशा निरनिराळ्या समाजांच्या गटांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली, आणि तेथे लोक त्यामानाने बिनबोभाट जाऊ लागले. पुण्यात टिळकांनीही हिंदू प्लेग रुग्णालय काढले. म्हणजे विलगीकरणाला विरोध नव्हता. आपले माणूस उशाशी बसेल, आपल्या हातचे पाणी मिळेल, मेल्यावर आपल्या रीतीने अंत्यसंस्कार होतील, एवढी खात्री असली की लोक येत होते. जातवार रुग्णालये हा काही पुरोगामी विचाराचा विजय नव्हे. ज्या जातीत वर्गणी देणारे शेटजी होते तिला रुग्णालय मिळाले, आणि ज्या जातीत फक्त अंगमेहनत करणारे होते तिला आर्थर रोड. पण या रुग्णालयांनी एक गोष्ट सिद्ध केली. रोगी रुग्णालयाला घाबरत नव्हता, तेथे गेल्याने जे गमवावे लागे त्याला घाबरत होता.

या पार्श्वभूमीवर सावित्रीबाई फुले यांचे काम पाहिले पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग शिरला तेव्हा त्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. तेथे येणारे रोगी ज्या वस्त्यांतून येत, त्या वस्त्यांना वर्गणी देणारे शेटजी नव्हते. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचल्या, त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही हकीगत महाराष्ट्रात दरवर्षी भाषणांतून सांगितली जाते, आणि ती त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. ती एका व्यवस्थेची कथाही आहे, हे मात्र सांगितले जात नाही. त्याच आठवड्यात पुण्यात रँड यांच्या समितीचे सैनिक घरझडतीसाठी सिद्ध होत होते. एका बाजूला रोग्याला पकडून नेणारी यंत्रणा, दुसऱ्या बाजूला त्याला पाठीवर घेणारी वृद्धा. पहिल्या यंत्रणेचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला. दुसरीचे अनुकरण करणे कोणत्याही सरकारला सुचले नाही.

आर्थिक अंगाने त्या वर्षीची मुंबई फार बोलकी आहे. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या शहरातील जवळजवळ निम्मे लोक गाव गाठून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी महिन्याचा पगार दोन-दोन महिने अडकवून ठेवणारे मालक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांसाठी बोली लावू लागले आणि रोजची मजुरी रोज चुकती करू लागले. हे अशक्य आहे, गिरणीधंदा अशाने बुडेल, असे त्याआधी वर्षानुवर्षे सांगितले जात होते. प्लेगने काही महिन्यांत ते शक्य करून दाखवले. तात्पर्य, कामगाराच्या जिवाला किंमत नसते तेव्हाही त्याच्या श्रमाला असते, आणि ती किंमत मोजण्याची ऐपत मालकांपाशी व सरकारपाशी असते. आजारी कामगाराला चार आठवडे अर्धा पगार देऊन रुग्णालयात निजवणे, हे त्या बोलीपेक्षा स्वस्तच पडले असते.

खेड्यांत चित्र निराळे होते, पण तत्त्व तेच. प्लेगच्या काळात महाराष्ट्रातील गावेच्या गावे उठून रानात राहावयास गेली. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे शहाणपण लोकांनी स्वतःच्या अनुभवातून मिळवले होते आणि ते शास्त्राला धरून होते. पण रानात जायला रान लागते. ज्याचे शेत होते त्याने शेतात खोप घातली, धान्याची पोती बरोबर नेली. ज्याचे शेत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या बांधावर राहण्यासाठीही परवानगी मागावी लागली, आणि त्याचे काम मात्र गावाशीच बांधलेले होते. विलगीकरण हे मालमत्तेवर अवलंबून असते, ही गोष्ट २०२० मध्ये एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाला घरात अंतर पाळण्याचा उपदेश झाला तेव्हा पुन्हा दिसली.

देवणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. उदगीर तालुका, बिदर जिल्हा. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, १९९९ मध्ये देवणी तालुका झाला. संस्थानी राजवटीत या मुलखाची राजधानी हैदराबाद. तेथे साथीच्या रोग्यांसाठी जे रुग्णालय १९१५ च्या सुमारास निघाले आणि पुढे नल्लाकुंटा भागात स्थिरावले, ते लोकांच्या तोंडी कोरंटी दवाखाना याच नावाने राहिले. क्वारंटीन या शब्दाचा तो अपभ्रंश. सरकारने त्याला मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचे मोठे नाव दिले, तरी लोकांनी कोरंटी सोडले नाही. राजधानीपासून इतक्या दूरच्या खेड्यातील रोग्याने बैलगाडीने तेथवर पोचावे हे संभवतच नव्हते. संस्थानात अशी सोय शहरापुरती होती. खेड्याच्या वाट्याला वेशीबाहेरची खोप होती.

येथे वैद्यकातील एक गोष्ट थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. सांसर्गिक रोगांत मूळ रोगापेक्षा त्याचे उपद्रव अधिक माणसे मारतात, आणि उपद्रव बहुतांशी उशिराची संतती असतात. घटसर्प घ्यावा. घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो, प्रसंगी श्वासनलिका उघडून नळी घालावी लागते; त्यातून मूल वाचले तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदय किंवा टाळू लुळी पडून ते दगावू शकते. १८९० नंतर या रोगावरील प्रतिविष निघाले आणि लंडनच्या ताप-रुग्णालयांत त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. तेथे दिसून आले की पहिल्या दिवशी प्रतिविष टोचलेले मूल बहुधा वाचते. दिवसागणिक मृत्यूचे प्रमाण चढत जाते आणि पाचव्या दिवशी ते कितीतरी पटींनी वाढलेले असते. औषध तेच, डॉक्टर तोच. फरक फक्त दारात पोचण्याच्या दिवसाचा. पटकीचेही तसेच. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून क्षारजल देण्याची पद्धत बसवली, तेव्हा शंभरातील साठांच्या आसपास असलेले मृत्यू सुमारे तिसावर आले, आणि पुढे मूत्रपिंडे बंद पडण्याच्या उपद्रवावर क्षारांचा इलाज केल्यावर आणखी खाली आले. पण मूत्रपिंडे बंद पडतात ती शरीर तासन्‌तास कोरडे राहिल्यामुळे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आणले. तेथे यश आले ते पाण्याच्या गुणाने तर खरेच, पण ते पहिल्या जुलाबापासून उशाशी हजर होते म्हणूनही.

उशीर मग कशाने होतो? अज्ञानाने होतो, अंतराने होतो, वाहनाच्या अभावी होतो. पण मजुराच्या घरी तो सर्वात आधी हिशेबाने होतो. आज ताप आहे, उद्या उतरेल; आज खुरपणीचा रोज सोडला तर शनिवारच्या बाजाराला काय न्यायचे? हा हिशेब मूर्खपणाचा नाही. दहांपैकी आठ ताप खरोखरच आपोआप उतरतात. उरलेले दोन उतरत नाहीत, आणि ते रुग्णालयात पोचतात तेव्हा नोंदवहीत शेरा पडतो की रोगी अत्यवस्थ स्थितीत आणला गेला. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत ३१ रोगी दगावले, त्यांत अनेक नवजात अर्भके होती. ते मृत्यू साथीचे नव्हते, त्यांची कारणे निरनिराळी होती आणि औषधांच्या व मनुष्यबळाच्या तुटवड्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. परंतु अधिकाऱ्यांकडून आलेला एक खुलासा आर्थर रोडच्या काळाची आठवण करून देणारा होता: रोगी फार उशिरा, गंभीर अवस्थेत आले. हा खुलासा खरा असेल. तो कारण म्हणून पुढे करण्याऐवजी प्रश्न म्हणून पुढे करावयास हवा होता.

हा प्रश्न इंग्लंडने स्वतःपुरता सोडवला होता, हे फारसे सांगितले जात नाही. लंडनची सांसर्गिक रुग्णालये १८६७ च्या कायद्याने निघाली ती गरीब कायद्याखाली. तेथे उपचार घेणारा माणूस कायद्याने भिकारी ठरे आणि त्याचा मताधिकार जाई. साहजिकच स्वाभिमानी कामगार देवीचे फोड घेऊन घरात दडून बसे. १८८३ मध्ये कायदा बदलला आणि या रुग्णालयांत दाखल झाल्याने कोणाचाही नागरी हक्क जाणार नाही असे ठरले. १८९१ मध्ये ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. त्यानंतर आई-बापांनी मुलांना आपण होऊन आणण्यास सुरुवात केली. म्हणजे १८९६ मध्ये मुंबईत लाल फितीचे जे साहेब कामगारांना उचलून नेत होते, त्यांच्याच मायदेशात सक्तीपेक्षा सवलत अधिक काम करते हे सिद्ध होऊन गेलेले होते. वसाहतीत ते लागू करण्याची निकड त्यांना भासली नाही. त्यात खर्च होता.

स्वतंत्र भारतात निकड भासावयास हवी होती. सरकारी नोकराला ती भासली आणि त्याने आपली सोय करून घेतली. घरात सांसर्गिक रोग निघाला तर कार्यालयात न येण्याबद्दल त्याला पूर्ण पगारी संगरोध रजा मिळत असे, सामान्यतः २१ दिवस आणि विशेष परिस्थितीत ३० दिवस, आणि ती त्याच्या रजेच्या खात्यातून वजा होत नसे. किती शहाणपणाचा नियम! साहेबाच्या कचेरीत देवीची लागण होऊ नये म्हणून कारकुनाला पगार देऊन घरी बसवावयाचे. संघटित कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना आली. तिच्यात आजारपणात ९१ दिवसांपर्यंत शेकडा सत्तर दराने आणि क्षयासारख्या दीर्घ रोगांत दोन वर्षांपर्यंत शेकडा ऐंशी दराने वेतन मिळते. शेतमजूर, ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरचा मजूर, गवंड्याच्या हाताखालची बाई यांच्यासाठी काय आहे? क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. ही चांगली सुधारणा आहे. पण महिन्याचे हजार रुपये म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपये, आणि ते अन्नासाठी आहेत. मजुरीच्या जागी ते उभे राहू शकत नाहीत.

मराठवाड्याला या उणिवेची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, घरांत धान्य पडून राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची भीती पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत यंत्रमागावर राबणारे परप्रांतीय मजूर होते, रुग्णालयातून उठून निघून गेलेले रोगी होते, आणि दवाखाने बंद करून गेलेले खाजगी डॉक्टरही होते. या वेळी औषध होते. टेट्रासायक्लिनची गोळी स्वस्त होती. १८९६ आणि १९९४ यांच्यामध्ये जंतुशास्त्राची शंभर वर्षे गेली होती, पण पळणाऱ्या मजुराचा हिशेब तसाच राहिला होता. येथे पडलो तर कोण बघणार आणि कोण खायला घालणार?

२०२० मध्ये करोनाच्या साथीत शासनाने वसतिगृहे, शाळा, मंगल कार्यालये ताब्यात घेऊन विलगीकरण केंद्रे उघडली. तेथे अन्न व औषध दिले गेले, आशा कार्यकर्त्या आणि परिचारिकांनी जिवावर उदार होऊन काम केले. ते श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तेथे घालवलेल्या दिवसांची मजुरी शेतमजुराला देण्याची सर्वसाधारण तरतूद झाली नाही. परिणाम ठाऊक आहे. लोक तपासणीला टाळू लागले. गावात पथक आले की रानात जाऊ लागले, आणि श्वास लागल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी धावू लागले. जर्मनीत संसर्ग प्रतिबंधाच्या कायद्यातच लिहिलेले होते की विलगीकरणाच्या आदेशामुळे बुडालेले वेतन पहिले सहा आठवडे पूर्णपणे भरून दिले जाईल. ती संपन्न देशाची चैन आहे असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. दिवसाचा रोज ३०० रुपये धरला तर चौदा दिवसांचे ४,२०० रुपये होतात. एका गावात दहा रोगी निघाले तर ४२,००० रुपये. त्या दहांनी रोग लपवला आणि त्यामुळे आणखी दोघेजण अतिदक्षता विभागात गेले, तर तेथील खाटेचे काही दिवसांचे बिल याहून अधिक होते, मग ते सरकार भरो वा जमीन गहाण टाकून रोगी भरो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: पैसे मिळाले तर लोक आजारी असल्याचे सोंग करतील. रोजगार हमी योजना सुरू झाली तेव्हाही असेच म्हटले गेले होते, की लोक काम न करता हजेरी मांडतील. हजेरीपटात लबाडी झाली, पण ती मांडणाऱ्यांनी अधिक केली. शिवाय येथे निदान डॉक्टर करतो, तपासणी प्रयोगशाळा करते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो डाव्या बाजूकडूनच येतो: मजुरीचे आमिष दाखवून शासन विलगीकरणाची सक्ती गोड करून घेईल. हा धोका आहे. म्हणून मजुरीबरोबर नातेवाइकाला भेटण्याचा हक्क, कोठे नेले याची लेखी माहिती, आणि आदेशाविरुद्ध दाद मागण्याची सोय या गोष्टीही आल्याच पाहिजेत. पण आजची स्थिती अशी की सक्ती आहेच आणि मजुरी नाही.

ही सक्ती ज्या कायद्याने होते, तो मुळात प्लेगच्या दंडेलीचाच कायदा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला साथरोग अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू करून आपले नियम जाहीर केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अध्यादेशाने आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली व आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास ठेवला. आर्थर रोडचा इतिहास पाहता ती दुरुस्ती आवश्यकच होती. पण रोग्यासाठी त्या दुरुस्तीत एक अक्षर नव्हते. आणि मौज अशी की रोग्यासाठीचे अक्षर मूळ कायद्यात १८९७ पासूनच आहे. दुसऱ्या कलमात राज्य सरकारला नियम करण्याचा अधिकार देताना असेही म्हटले आहे की त्यापायी होणारा खर्च, काही नुकसानभरपाई द्यावयाची असल्यास तीसुद्धा धरून, कोणी आणि कोणत्या रीतीने सोसावयाचा हे सरकार ठरवू शकेल. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील कायदा करणाऱ्यांनाही भरपाईचा शब्द लिहावा लागला. स्वतंत्र देशातील सरकारांना तो वापरावासा वाटला नाही.

तेव्हा नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढली साथ जाहीर होईल त्या दिवशी राज्य सरकार याच कलमाखाली मजुरीचा नियम करू शकते, आणि त्याचा मसुदा साथ नसताना तयार ठेवता येतो. त्यात तीन गोष्टी ठरवावयाच्या आहेत. दर रोजगार हमीच्या मजुरीइतका असावा, कारण तो दर आधीच जाहीर असतो आणि त्याबद्दल वाद घालता येत नाही. दिवस डॉक्टरच्या लेखी आदेशाइतके असावेत, आणि बरा झालेला पण अशक्त रोगी लगेच कामाला जुंपला जाऊ नये म्हणून त्यावर एक आठवडा अधिक. पैसे आठवड्याला, रोग्याने सांगितलेल्या घरच्या माणसाच्या हाती पडावेत. बरे होऊन आल्यावर कागदपत्रे घेऊन तहसिलीत खेटे घालण्याची पाळी येऊ नये. देवणीसारख्या तालुक्यात ऊसतोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर फडात आजारी पडला तर त्याचे खाडे उचलीवर चढतात आणि पुढच्या हंगामाला बांधले जातात. नियमाच्या मसुद्यात हे चढणे बेकायदेशीर ठरवणारे कलम घातले नाही, तर मजुरी रोग्याच्या घरी पोचेल आणि तेथून मुकादमाच्या वहीत जाईल. कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभांत हा विषय घ्यावा. टोळ्या गेल्यावर ज्यांच्यासाठी ठराव करावयाचा ती माणसे गावात नसतात.